लग्न मुरलं, मैत्रीचं काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाला तीस-चाळीस वर्षं झालेली माणसं मला मैत्रीबद्दल जे विचारतात ते बहुतेक वेळा हळू आवाजात विचारतात, आणि वर "तसं काही नाही हं, सहज विचारलं" असंही म्हणतात. सहज नसतं ते. माझ्या लग्नाला आता एकेचाळीस वर्षं झाली, त्यामुळे यातलं बरंचसं मी स्वतः बघितलेलं आहे, काही वाचून कळलेलं आहे, आणि काही चुका करून. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. क्रमाने वाचायची गरज नाही, आपला जो असेल तो बघा.

वय वाढलं की मित्र कमी होतातच का?

हो, बहुतेकांचे होतात, पण सगळे सारखे कमी होत नाहीत आणि खरी गोष्ट तिथेच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून यावर काम करतायत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्या हातात वेळ मोजका उरलाय असं जाणवायला लागलं की माणूस नवीन ओळखींच्या, पुढे कधीतरी उपयोगी पडतील अशा लोकांच्या मागे लागत नाही, ज्यांच्याजवळ बसून बरं वाटतं त्यांच्याकडे वळतो. म्हणजे बाहेरचं वर्तुळ गळतं आणि आतलं बऱ्यापैकी टिकतं. आणि हे फक्त म्हातारपणाचं नाही बरं का, गाव सोडून जायची वेळ आलेला तरुण मुलगाही शेवटच्या आठवड्यात नवीन लोकांना भेटत नाही, जवळच्यांनाच भेटतो.

रॉबर्ट कान आणि टोनी अँटोनुची या दोघांनी १९८० मध्ये यासाठी 'ताफा' ही कल्पना मांडली होती, आपल्यासोबत आयुष्यभर चालणारा माणसांचा ताफा. मला हा शब्द फार पटतो, कारण ताफ्यात कुणी पुढे जातं, कुणी मागे पडतं, कुणी मधल्याच फाट्यावर वळून जातं, कुणी बऱ्याच अंतराने परत येऊन मिळतं, आणि तरी ताफा चालूच असतो.

मग चारच मित्र उरले तर ते कमी समजायचे का?

नाही. एक माणूस साधारण १५० जणांशीच खरी ओळख टिकवू शकतो, हा ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचा आकडा तुम्ही ऐकला असेल, पण त्याच मांडणीत सगळ्यात आतल्या वर्तुळात साधारण ५ च माणसं असतात हे सहसा कुणी सांगत नाही. चार माणसं अशी असतील की ज्यांना रात्री अकराला फोन करायला तुम्हाला संकोच वाटणार नाही, तर छान चाललंय तुमचं. आकडा मोजू नका, शेवटचं मोकळं बोलणं कधी झालं ते आठवा.

लग्न झालं की मैत्री मागे पडते हे खरं आहे का?

खरं आहे, आणि त्यात कुणाचा दोष आहे असंही नाही. नाओमी गर्स्टेल आणि नतालिया सार्किसियन या समाजशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये लग्नाला 'हावरी' संस्था म्हटलं होतं, म्हणजे लग्न माणसाचा वेळ आणि माया इतकी मागून घेतं की मित्र, शेजारी, आई-बाप, भावंडं यांच्या वाट्याला कमी येतं. अमेरिकेतली आकडेवारी बघून त्यांनी दाखवलं की लग्न न झालेले लोक मित्रांना आणि शेजाऱ्यांना जास्त भेटतात, जास्त मदत करतात. कठोर वाटतं वाचायला पण आपलीच पंचवीस ते पंचेचाळीस ही वर्षं आठवून बघा.

आधी एकमेकांचं कौतुक, मग मुलं, मग मुलांच्या शाळा, मग कुणाचं तरी आजारपण, कर्ज, नोकरीतली बढती, आणि या सगळ्यात मित्राला "करतो रे नंतर फोन" म्हटलेलं असतं ते नंतर अकरा वर्षांनी येतं. त्या काळात जे मित्र असतात ते बहुतेक सोयीचे असतात, मुलांच्या मित्रांचे आई-बाबा, शेजारचे, ऑफिसातले. त्यात वाईट काही नाही, त्यातलेच एक-दोन पुढे जिवाभावाचे होतात. पण मुलं आपापल्या वाटेला लागली की या ओळखींमागचं कारणच जातं आणि मग घरात दोघंच उरलेले असतात आणि दोघांनाही एकदम जाणवतं की अरे, आपली माणसं कुठे गेली सगळी.

'आमचे मित्र' म्हणतो ते खरंच दोघांचे असतात का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक कागद घ्या आणि तुम्ही ज्यांना 'आमचे' म्हणता त्या सगळ्यांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढे लिहा, गेल्या वेळी फोन कुणी केला होता, भेट कुणी ठरवली होती, त्यांच्या मुलाच्या ऑपरेशनची तारीख कुणाच्या लक्षात होती. बहुतेक घरांत सगळ्या नावांपुढे एकाच माणसाचं नाव येतं. बऱ्याचदा बायकोचं, पण दरवेळी नाही, काही घरांत नवराच हे सगळं करतो आणि बायको म्हणते मला काही कळत नाही बाई, ते बघतात. एकजण मैत्री चालवतो आणि दुसरा त्या मैत्रीत राहतो, असं चाललेलं असतं वर्षानुवर्षं, आणि दोघांनाही ते कधी दिसत नाही कारण भेटीला तर दोघं मिळूनच जातात ना.

आमच्याकडे मीच ती चालवणारी. तीन वर्षांपूर्वी माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर काही आठवडे मी आतल्या खोलीत पडून. फोन सारखे यायचे, सगळे मला. आठव्या-नवव्या दिवशी नवरा दारात येऊन उभा राहिला, हातात स्वतःचा फोन, आणि शाळेपासूनच्या मित्राचं नाव घेऊन म्हणाला, "अगं, त्याचा नंबर काय गं?" पन्नास वर्षांची मैत्री आणि नंबर नाही! मी माझा फोन उघडला तर माझ्याकडेही त्याचा नंबर नव्हता, त्याच्या बायकोचा होता. म्हणजे दोन जिवलग मित्रांची मैत्री इतकी वर्षं दोन बायकांच्या फोनवरून चालली होती, आणि त्यातली एक बाई आजारी पडल्याबरोबर ती बंद झाली होती.

त्या दिवशी मला त्याची दया आली आणि स्वतःचा रागही आला, कारण मीच इतकी वर्षं "दे इकडे, मी बोलते" म्हणत फोन काढून घेत आले होते. तुमच्या घरात जो कोणी ही मैत्री चालवतो त्याने आजपासून थोडं थोडं काम दुसऱ्याकडे द्या. तब्येत चांगली आहे तोवर द्या. नंबर दोघांच्या फोनमध्ये हवेत, आणि निदान एक-दोन माणसांना तरी दुसऱ्यानेच फोन करायचा असं ठरवून टाका.

पुरुषांना म्हातारपणी मित्र कमी का उरतात?

सगळ्यांना हे लागू नाही, पण पुष्कळांना लागू आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल राइट यांनी १९८० च्या दशकात एक वर्णन केलं होतं ते अजून सांगितलं जातं, की बायकांची मैत्री समोरासमोर असते आणि पुरुषांची शेजारी-शेजारी. बायका एकमेकींकडे तोंड करून बोलतात, पुरुष दोघं मिळून तिसऱ्याच गोष्टीकडे बघत असतात, खेळ, काम, गाडी, राजकारण. राइट यांनी स्वतःच सांगितलं होतं की मैत्री जुनी आणि घट्ट झाली की हा फरक कमी होतो.

पण शेजारी-शेजारीवाल्या मैत्रीची एक अडचण अशी की समोरची ती तिसरी गोष्ट गेली की शेजारी बसायचं निमित्तच जातं. गुडघे गेले, खेळ संपला, नोकरी संपली, आता भेटून काय करायचं? नुसतं बोलायचं? ते त्यांना जमत नाही असं नाही, सवय नसते. म्हणून नवऱ्याला "जा जरा मित्रांशी बोल" असं सांगून काही होत नाही, त्याला काहीतरी काम द्या जे दोघं मिळून करू शकतील. मोडलेलं काही दुरुस्त करणं, रोज ठरलेल्या वेळी चालायला जाणं, जुने फोटो बघून नावं लिहिणं. बोलणं त्यातून आपोआप होतं.

रिटायर झाल्यावर ऑफिसचे मित्र गायब झाले. ती मैत्री खोटी होती का?

खोटी नव्हती, ऑफिसच्या जागेच्या आधाराने उभी होती. ॲरिस्टॉटलने तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वीच मैत्रीचे तीन प्रकार सांगून ठेवलेत, उपयोगाची, आनंदाची आणि माणूस म्हणून आवडतो म्हणून असलेली, आणि पहिल्या दोन लवकर सुटतात असंही सांगितलंय. ऑफिसात तीस वर्षं रोज आठ तास एकमेकांचं तोंड बघितलं, मैत्री करायला वेगळी मेहनत लागली नाही, आता ती लागते एवढंच.

माझं मत असं की रिटायर झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत जे करायचं ते करून घ्या. तोवर सगळ्यांना तुमची आठवण ताजी असते. ऑफिसातल्या चाळीस जणांना धरून ठेवायला जाऊ नका, त्यातले तीन निवडा आणि त्यांना ऑफिसच्या बाहेर, ऑफिसचा विषय न काढता, दोनदा भेटा. दुसऱ्या भेटीत कळतं काय ते.

दोघांपैकी एकाला माणसं हवी असतात, दुसऱ्याला घरीच बसायचं असतं. काय करायचं?

आधी एक तपासा, ऐकू नीट येतंय का. खरंच सांगते. साठीच्या पुढच्या चारातल्या एकाहून जास्त लोकांना त्रास होईल इतकं कमी ऐकू येतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि वयानुसार जे कमी होतं ते आधी बारीक, उंच पट्टीतल्या आवाजांचं होतं, स, श, फ, त अशी व्यंजनं निसटायला लागतात. घरी दोघंच असताना काही कळत नाही. आठ जण एकदम बोलत असतील तिथे मात्र त्या माणसाला नुसता गलका ऐकू येतो, तो चुकीच्या जागी हसतो, दोन-तीनदा तसं झालं की म्हणतो मला कंटाळा येतो त्या लोकांचा. लोकांचा कंटाळा नसतो आलेला, अंदाजाने ऐकून ऐकून डोकं थकलेलं असतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी जी १४ कारणं दिली त्यात कमी ऐकू येणं आणि माणसांपासून तुटणं ही दोन्ही आहेत, आणि पहिल्यातून दुसरं कसं होतं हे घरोघरी दिसतं. कान तपासून घ्या, आणि मोठ्या घोळक्यापेक्षा एका वेळी एकाच जोडप्याला बोलवा, शांत जागी.

कान ठीक असतील आणि तरी माणसं नको असतील तर मग स्वभाव आहे तो, आणि स्वभावाशी साठीनंतर भांडू नये. ज्याला माणसं हवीत त्याने एकट्याने जावं. "एकटीच आलीस?" असं पहिल्या दोन वेळा विचारतात लोक, तिसऱ्या वेळी विचारत नाहीत. दुसऱ्याने मात्र "किती वेळ गं?" असं दारात विचारून तोंड पाडू नये, आणि परत आल्यावर काय काय झालं ते मनापासून ऐकावं.

जोडीदाराचा मित्र मला सहन होत नाही.

सहन करू नका, पण तोडायलाही लावू नका. तो येईल तेव्हा वीस मिनिटं बसा, नीट बोला, मग उठून आपल्या कामाला लागा. तुमच्या जोडीदाराचं बावीस वर्षांचं वय ज्याने बघितलंय असा माणूस तुम्ही कुठून आणून देणार? दारू, पैसे किंवा अपमान असा काही विषय असेल तर गोष्ट वेगळी, तिथे स्पष्ट बोला.

मी सगळं नवऱ्याला किंवा बायकोलाच सांगते/सांगतो. मग वेगळी मैत्री कशाला हवी?

भाग्यवान आहात, आणि हे मी खरंच मनापासून म्हणते. हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ मध्ये ७२४ मुलांपासून सुरू केलेला अभ्यास अजून चालू आहे, मग त्यांच्या बायका, मुलं सगळे त्यात आले. त्याचे सध्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की पन्नाशीत जी माणसं आपल्या नात्यांमध्ये समाधानी होती ती ऐंशीत जास्त निरोगी निघाली, पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून जेवढा अंदाज आला असता त्यापेक्षा चांगला अंदाज नात्यांवरून आला. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड यांनी १४८ अभ्यास एकत्र करून, म्हणजे तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती घेऊन, दाखवलं की ज्यांचे माणसांशी धागे घट्ट आहेत त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त होती. चांगलं लग्न हा त्यातला फार मोठा धागा आहेच.

पण काही गोष्टी जोडीदाराला सांगता येत नाहीत कारण त्या जोडीदाराबद्दलच असतात. त्याला विसरायला होतंय का अशी भीती वाटते, ती त्यालाच कशी विचारणार? तिच्या आजारपणात मी रात्रभर जागून थकलोय, चिडचिड होते आणि मग स्वतःचीच लाज वाटते, हे तिलाच सांगायचं? या वयात अशा गोष्टी वाढतात, कमी होत नाहीत. त्यासाठी एक तरी माणूस बाहेरचा लागतो, ज्याच्याकडे ते बोलून घरी परत येताना चेहरा जरा हलका झालेला असतो. त्याचा फायदा घरातल्यालाच होतो.

आणि दुसरं कारण तुम्हाला माहीत आहे. दोघांपैकी एकजण मागे राहणार आहे.

या वयात परक्या बाईशी किंवा पुरुषाशी मैत्री असली तर घरात वाद होतात...

लपवलं की होतात. नाव सांगा, ओळख करून द्या, फोन सगळ्यांसमोर घ्या. एवढं करूनही समोरच्याला टोचत असेल तर टोचण्याचं कारण बहुधा ती मैत्री नसते, आपल्याशी असं हसून बोलत नाही हे दुःख असतं. त्यावर आधी बोला.

आमच्या मित्र-जोडप्यातला एकजण गेला. आता मागे राहिलेल्याशी कसं वागायचं?

जसं आधी वागत होतात तसंच. ऐकायला सोपं वाटतं पण बहुतेकांना जमत नाही, मला पण जमलं नव्हतं.

समाजशास्त्रज्ञ हेलेना लोपाटा यांनी १९७० च्या दशकात शिकागोतल्या विधवांचा अभ्यास केला होता. जोडप्याजोडप्यांच्या गोतावळ्यातून एकटी पडलेली बाई हळूहळू बाहेर पडते, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. कुणी तिला जा म्हणत नाही. सुरुवातीला सगळे धावतात, मग बोलावणं करताना मनात येतं की सगळी जोडपी असताना तिला कसंसंच वाटेल, म्हणून तिला नंतर वेगळं बोलवू असं ठरतं, आणि ते वेगळं राहूनच जातं. तिच्या बाजूने तिला वाटतं की आपण गेलो की यांचं हसणं थांबतं, म्हणून ती दोनदा नाही म्हणते, मग बोलावणंच येत नाही.

आमच्या जवळच्या मित्राची बायको गेली तेव्हा आम्ही हेच केलं, चार-पाच महिने, त्याला त्रास नको म्हणून. एक दिवस तो स्वतःच म्हणाला, "तुम्ही मला बोलवा, मी नाही म्हटलं तरी बोलवा, मी कधीतरी हो म्हणेन." हे वाक्य मी अजून विसरले नाही. तेव्हापासून मी कुणालाही विचारते तेव्हा असं विचारते की गुरुवारी साडेपाचला आम्ही येतोय घ्यायला, नको असेल तर सांग. "काही लागलं तर सांग हं" असं म्हणत नाही, कारण काय लागतंय हे त्या माणसाला कळत नसतं आणि कळलं तरी तो सांगत नाही.

गेलेल्याचं नाव घ्या. सगळे घाबरून नाव टाळतात आणि मागे राहिलेल्या माणसाला वाटतं की मी सोडून सगळे विसरले. आधी जसं सहज यायचं बोलण्यात तसं येऊ द्या, डोळ्यात पाणी आलं तर येऊ दे, त्याने काही बिघडत नाही.

आणि पुरुष मागे राहिला असेल तर वर जे फोनचं लिहिलं ते आठवा. त्याची बायको गेली म्हणजे त्याचा फोन करणारा माणूस गेला. तो फोन करणार नाही, तुम्हीच करा, आणि त्याच्या फोनवर करा.

माझी जुनी मैत्रीण गेली. नवरा गेल्यासारखं रडू येतं, घरचे म्हणतात एवढं काय.

एवढंच आहे ते, तुमचं बरोबर आहे. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं होतं, ज्याला समाज दुःख म्हणून मानतच नाही ते दुःख. नवरा गेला, भाऊ गेला तर लोक भेटायला येतात, सुट्टी मिळते. मैत्रीण गेली तर तिच्या घरच्यांना भेटून यायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं करायचं. पण तुम्ही सोळा वर्षांच्या असताना कशा होतात हे आता दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, तिच्यासोबत तेही गेलं. रडा. जोडीदाराने अशा वेळी समजूत घालत बसू नये, तिच्याबद्दल काहीतरी विचारावं, कशी होती, पहिल्यांदा कुठे भेटलात, आणि गप्प बसून ऐकावं.

जोडीदाराला विसरायला व्हायला लागलंय, तेव्हापासून मित्र येईनासे झालेत.

बहुतेक जण घाबरलेले असतात, काय बोलायचं हे कळत नसतं. त्यांना आधीच सांगून ठेवा: तो एकच गोष्ट तीनदा विचारेल, तिन्ही वेळा उत्तर द्या, "आत्ताच सांगितलं ना" म्हणू नका, आल्यावर आपलं नाव सांगा, "ओळखलंस का?" असं विचारून परीक्षा घेऊ नका, अर्धा तास पुरे. एवढं कळलं की येतात लोक, निदान काही तरी येतात. जे येतात त्यांच्याकडे घटकाभर जोडीदाराला सोपवून तुम्ही बाहेर जाऊन या, तुमचीही मैत्री जगली पाहिजे.

मित्र-जोडपं या वयात वेगळं झालं. आम्ही कोणाच्या बाजूने?

कोणाच्याच नाही जमलं तर. पन्नाशीनंतर वेगळं होणं आता पूर्वीइतकं दुर्मिळ नाही, अमेरिकेत तर १९९० ते २०१० या वीस वर्षांत पन्नाशीपुढच्यांच्या घटस्फोटाचं प्रमाण दुप्पट झालं. दोघांना वेगवेगळं भेटा, एकाकडचं दुसऱ्याकडे नेऊ नका. तरी बहुधा एकजण दूर जातोच, त्याला वाढदिवसाला तरी फोन करत राहा.

साठीनंतर नवीन मित्र होतात का खरंच?

होतात, वेळ द्यावा लागतो, आणि वेळ म्हणजे अक्षरशः तास. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याचा हिशोब मांडला होता, ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास, बऱ्यापैकी मित्र व्हायला ९० आणि जवळचा व्हायला २०० च्या वर. आठवड्याला दोन तास धरले तर जवळचा मित्र व्हायला दोन वर्षं. म्हणून दोन भेटींत "जमत नाही बाई आमचं" असं ठरवू नका. एकदाच होणारे कार्यक्रम सोडा, जिथे तीच माणसं दर आठवड्याला येतात तिथे जा.

जोडप्याने जोडप्याशी मैत्री करायची असेल तर चार जणांचं जुळायला हवं, ते अवघड जातं हे खरं आहे. पण एक छान गोष्ट आहे. रिचर्ड स्लॅचर यांनी २०१० मध्ये एक प्रयोग केला होता, अनोळखी जोडप्यांना एकत्र बसवून काहींना वरवरच्या आणि काहींना जरा आतल्या, मनातल्या विषयांवर बोलायला लावलं. मनातलं बोललेली जोडपी एकमेकांच्या जवळ आलीच, आणि आपल्या स्वतःच्या जोडीदाराच्याही जवळ आली. मला हे अनुभवाने पटतं, नवरा दुसऱ्यांसमोर त्याच्या लहानपणाबद्दल काहीतरी बोलतो आणि मी ऐकत बसते, एकेचाळीस वर्षांत हे मला का नाही सांगितलं असं वाटतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज बोलणं होतं, ते पुरेसं नाही का?

सकाळी फुलांचं चित्र पाठवणं म्हणजे मी जिवंत आहे असं कळवणं, आणि या वयात ते कळणंही मोलाचं आहे, कुणी चार दिवस दिसला नाही तर विचारपूस होते. पण ग्रुपमध्ये कुणी "मला भीती वाटते" असं लिहीत नाही. ग्रुपमधल्या एकाला आठवड्यातून एकदा वेगळा फोन करा, व्हिडिओ नको असेल तर साधा.

अनेक वर्षं बोललो नाही. आता एकदम फोन केला तर कसं वाटेल त्यांना?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच बरं वाटेल. २०२२ मध्ये पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले, सहज म्हणून आठवण काढून संपर्क करणाऱ्याला समोरच्याच्या आनंदाचा अंदाज कमीच येतो, आणि जितकं अनपेक्षित तितका समोरचा जास्त खूश होतो असं त्यात दिसलं. भांडण होऊन तुटलं असेल तर पहिल्याच फोनवर भांडणाचा निकाल लावायला बसू नका, आठवण आली म्हणून केला एवढंच सांगा.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी नवऱ्याने मित्राच्या बायकोकडून त्याचा नंबर घेतला आणि तिथेच माझ्या पलंगाच्या कडेवर बसून फोन लावला. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "काय रे, सगळं ठीक ना? कोण गेलं?" कारण हा स्वतः फोन करतो म्हणजे काहीतरी वाईटच झालं असणार असं त्याला वाटलं. नवरा म्हणाला, "नाही रे, असंच केला." मग दोघंही गप्प, मला वाटलं आता हा फोन माझ्याकडे देईल, मी हात चादरीखालीच ठेवला. चार मिनिटं बोलले. पुढच्या गुरुवारी अकरा. आता गुरुवारी फोन वाजला की तो उठून बाल्कनीत जातो आणि दार लोटून घेतो, काय बोलतात मला माहीत नाही.